कोपरावरची चार बोटे

“हा मजकूर अर्धा मिलीमीटर खाली आलाय,” बाई म्हणाल्या.

छापखान्याचे मालक शाईकाका यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रूफ नाकाजवळ नेलं. “अर्धा मिलीमीटर? बाई, मुंगीनं मोजे घातले तरी याहून जास्त फरक पडेल.”

“मुंगी पुस्तक बघणार नाहीये, काका. माणसं बघणार आहेत.”

शाईकाकांनी एक सुस्कारा सोडला आणि मशीन थांबवायला सांगितलं. छापखान्यात या बाईंना ‘मिलीमीटरबाई’ म्हणत, ते काही उगाच नव्हे. पुस्तकांची मांडणी करणं हा त्यांचा व्यवसाय. एखादा स्वल्पविराम शेजारच्यापेक्षा जाड दिसला तर त्यांना घास गोड लागत नसे. घरातल्या भिंतीवरची चित्रं त्या येताजाता सरळ करत. लोकांच्या घरी गेल्या तर तिथलीही करत. त्यामुळे कुणाकडे गेलं की त्यांचा नवरा त्यांना हटकून भिंतीकडे पाठ करून बसवी.

या वेळचं काम त्यांच्या जिवाजवळचं होतं. शहरातल्या संग्रहालयात एका जुन्या यंत्रमानवाच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याच्या कॅटलॉगची मांडणी बाईंकडे आली होती. लोकांना रेडिओचंही अप्रूप होतं, त्या काळात एका इंजिनिअरनं हा यंत्रमानव घरामागच्या शेडमध्ये बनवला होता. पत्र्याचा, माणसाहून हातभर उंच, डोळ्यांच्या जागी दिवे, छातीवर घड्याळासारख्या तबकड्या. तो मान वळवी, उजवा हात वर करी आणि पोटातल्या ग्रामोफोनवरून एकच वाक्य बोले : “मी माझ्या पायांवर उभा आहे!” एवढं ऐकायला लोक गावोगावी रांगा लावत. पुढे तो गंजला, मोडीत गेला. मागे उरले ते फोटो. ते इंजिनिअरच्या मुलीनं जपून ठेवले होते. ही मुलगी आता सत्तरी ओलांडून गेली होती आणि प्रदर्शनाचं उद्घाटन तिच्याच हस्ते होणार होतं. प्रदर्शनाचं नाव अर्थातच ‘आपल्या पायांवर’.

मुलीच्या अल्बममधले ते जुने फोटो बाईंकडे आले तेव्हा त्यांची अवस्था बिकट होती. चरे, बुरशी, पिवळेपणा तर होताच. शिवाय जागोजागी करड्या रंगाचे धब्बे होते, कुणीतरी फटकाऱ्यांनी रंग फासल्यासारखे. बाईंनी पदर खोचावा तशी कंबर कसली. कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून त्या डाग पुसत बसल्या. धुळीचा कण दिसला की टिपला, चरा दिसला की बुजवला, धब्बा दिसला की काढला. मुखपृष्ठावरच्या फोटोत यंत्रमानव काळ्या पडद्यासमोर हात वर करून उभा होता. त्याच्या डाव्या कोपराजवळ एक ओंगळ करडा डाग होता, त्यातून काहीतरी फिकट डोकावत होतं. बाईंनी तो असा साफ केला की मागे फक्त पत्रा आणि काळा पडदा उरला.

कॅटलॉग छापून, बांधून आला तेव्हा शाईकाकासुद्धा म्हणाले, “बाई, जीव घेतलात, पण पुस्तक बघा कसं चकचकीत झालंय. हा गडी तर आत्ता पुस्तकातनं उतरून चालायला लागेल.”

बाईंनी पट्टी लावून चारी बाजू मोजल्या आणि त्या पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. छापखान्यात ही गोष्ट पुष्कळ दिवस सांगितली गेली.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात बाई कॅटलॉगची एक प्रत घेऊन संग्रहालयात गेल्या. दालनात शिडी, खिळे, दोऱ्या यांचा पसारा होता. भिंतींवर लावायचे मोठे फोटो एका स्टुडिओत तयार होत होते. तिथल्या लोकांनी अल्बममधल्या प्रती न वापरता इंजिनिअरच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह वापरल्या होत्या. त्यातला पहिला, सर्वांत मोठा फोटो नुकताच येऊन दारासमोरच्या भिंतीवर चढला होता. तोच, मुखपृष्ठावरचा.

बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग जवळ गेल्या. मग हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे.

यंत्रमानवाच्या डाव्या कोपरावर चार बोटं होती.

स्वच्छ, ठसठशीत, माणसाची चार बोटं. पडद्याआडून कुणीतरी त्याचा कोपर धरला होता. पुस्तकात मात्र कोपर कसा, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लखलखत होता.

“काय सुंदर आलाय नाही?” मागून संग्रहालयाचे संचालक म्हणाले. संचालक उंच, उत्साही गृहस्थ होते. दोन माणसांशी बोलतानाही ते सभेत बोलल्यासारखं बोलत.

“मी हात पुसला,” बाई म्हणाल्या.

“पुसा ना, तिकडे बेसिन आहे.”

“माझा नाही हो! ह्याचा. म्हणजे ह्याच्या कोपरावरचा. मला वाटलं डाग आहे.” बाईंनी पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

संचालकांनी पुस्तक पाहिलं, भिंत पाहिली. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण तो चेहरा फार वेळ उतरून राहणाऱ्यांपैकी नव्हता. “हात्तिच्या! चार बोटं तर आहेत. कुणाच्या लक्षात येतंय?”

“माझ्या आलंय.”

“तुमचं सोडा. तुम्ही वेगळ्या आहात.”

“दार उघडलं की समोर हा फोटो. बाजूच्या टेबलावर पुस्तकांची चळत. एकाच फोटोत एका जागी हात आहे, दुसऱ्या जागी नाही. लोक काय म्हणतील? ऐतिहासिक फोटोत खाडाखोड केली म्हणतील. आणि खरंच केलीय मी!”

“मग आता?”

“मी निस्तरणार,” बाई म्हणाल्या. त्यांनी ओठ असे मिटले की संचालकांनी वाद घातला नाही.

पण हात कुणाचा हे तर कळायला हवं होतं. संचालकांना कोडं पडलं की उत्तर सुचायला वेळ लागत नसे. ते बरोबर असतंच असं नाही, पण लगेच सुचे. ते शिडीला टेकून विचार करत राहिले आणि एकदम टाळी वाजवून म्हणाले, “मुलगी!”

“कोण मुलगी?”

“अहो, आपल्या डॉक्टरताई! इंजिनिअरची मुलगी! मागे फोनवर त्या मला म्हणाल्या होत्या, हा फोटो काढला तेव्हा मी तिथंच होते म्हणून. लहान असणार. पडद्यामागे लपून बसली असणार आणि हळूच हात पुढे काढून...” संचालकांचा आवाज भरून आला. “बाई, विचार करा. यंत्राचा कोपर आणि त्यावर चिमुकली बोटं! साऱ्या प्रदर्शनाचा आत्माच आहे हा.”

म्हणजे आपण नुसता हात पुसला नाही. ज्यांच्या हस्ते उद्घाटन, त्यांचाच हात पुसला. वडिलांच्या यंत्रमानवाबरोबरचा त्यांचा लहानपणीचा एकुलता एक पुरावा.

“त्यांना एकदा विचारून घेऊ या का?” त्यांनी विचारलं.

“छे, छे! समोरासमोर बघू दे. डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या. मी भाषणात घेतो.”

बाई तिथून तडक छापखान्यात गेल्या. शाईकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ नखानं खरवडून दाखवलं. “लॅमिनेशन झालंय, बाई. यावर आता ब्रह्मदेवालासुद्धा छापता यायचं नाही. पुस्तक उसवून नवं कव्हर घालायचं तर प्रदर्शन उठल्यावर घेऊन जा.”

“जॅकेट घालू.”

“कोणाला?”

“पुस्तकाला. वरनं कागदी जॅकेट. हातासकट फोटो छापायचा, दोन्हीकडून आत दुमडायचा. खालचं कव्हर दिसणारच नाही.”

शाईकाकांनी डोकं खाजवलं. “छापून देईन. पण दुमडायचं मशीन बंद पडलंय. त्याचा एक भाग यायचाय.”

“दुमडायचं मी बघते.”

“एवढी पुस्तकं?”

“मी बघते म्हटलं ना.”

स्टुडिओतून निगेटिव्हवरचा फोटो मागवून बाई पुन्हा कामाला बसल्या. या वेळी त्यांनी आधी हात नीट पाहून घेतला, अगदी भिंगातून. हात उघडा पडल्यावर तो नीटसही दिसायला हवा होता. बोटांवर बारीक बारीक काळ्या रेघा होत्या. जुन्या निगेटिव्हवर ओरखडे असतातच. बाईंनी ते एकेक करून काढले. एका नखाची कड तुटल्यासारखी दिसत होती, ती गोल केली. पेरांवरच्या सावल्या जरा जास्त काळ्या होत्या, त्या मऊ केल्या. काम संपलं तेव्हा कोपरावर खरोखरच गोड, लोभस, लोण्यासारखी बोटं विसावली होती. आतल्या घडीवर संचालकांनी लिहून दिलेला मजकूर गेला : ‘पोलादी कोपरावर विसावलेला हा चिमुकला हात शिल्पकाराच्या लाडक्या कन्येचा. यंत्र आणि बालपण यांची ही पहिली गळाभेट.’

एवढ्यावर संचालक थांबले असते तर ते संचालक कसले! त्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या बोटांवर स्वतंत्र दिवा लावला. दारावरच्या फलकावर ‘आपल्या पायांवर’ याखाली ‘आणि एका चिमुकल्या हातात’ अशी ओळ घातली. वर्तमानपत्राला बातमी दिली. बातमी छापून आली तेव्हा बाईंना बरं वाटलं. चूक आता पूर्ण निस्तरली गेली होती, जवळजवळ.

रविवारी दुपारी छापलेल्या जॅकेटांचे गठ्ठे घरी आले. जेवणाचं टेबल रिकामं करून बाईंनी सगळ्यांना कामाला लावलं. ‘सगळे’ म्हणजे नवरा आणि सासूबाई.

“रेघेवर दुमडायचं. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही,” बाईंनी बजावलं.

“आणि रेघेवर पण थोडंसं अलीकडे झालं तर?” नवऱ्यानं विचारलं. तो हवामान खात्यात होता. ठाम असं काही बोलायची त्याची सवय मोडली होती.

“तर पुन्हा उलगडायचं.”

सासूबाईंनी एक जॅकेट हातात घेतलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. “सूनबाई, ही मुलगी केवढी होती तेव्हा?”

“असेल पाच-सहा वर्षांची.”

“आणि हा पत्र्याचा बाबा माणसाहून उंच?”

“हो.”

“मग हिचा हात एवढ्या वर कसा पोचला गं?”

बाईंनी हातातली घडी पुन्हा दाबली. “स्टुलावर उभी असेल.”

“पडद्यामागे? स्टुलावर? एकटी?” सासूबाई म्हणाल्या. “आणि आई काय करत होती?”

बाईंनी आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्हाला काय वाटतं हो? लहान मुलाचाच हात आहे ना?”

नवऱ्यानं जॅकेट लांब धरलं, जवळ धरलं. “तशी दाट शक्यता आहे,” तो म्हणाला. “तुरळक ठिकाणी मोठ्या माणसाचाही वाटतो.”

“तुम्ही दुमडा,” बाई म्हणाल्या.

दुमडून झाल्यावर एक नवीच अडचण पुढे आली. गुळगुळीत लॅमिनेशनवर गुळगुळीत कागद. पुस्तक जरा तिरकं धरलं की जॅकेट सुळकन घसरून खाली पडे. नवऱ्यानं चिकटपट्टीचा एक तुकडा आतून लावावा असं सुचवलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चिकटपट्टी स्वतःच्याच बोटाला लावून घेतली. शेवटी बाईंनी सगळ्या जॅकेटांच्या घड्या पुन्हा उलगडून, केसभर आत घेऊन नव्यानं घातल्या. संध्याकाळपर्यंत जॅकेटं पुस्तकांना घट्ट बसली. निदान बसल्यासारखी वाटली.

उद्घाटनाच्या दिवशी बाई गठ्ठे घेऊन संग्रहालयात पोचल्या तेव्हा बाकीचे मोठे फोटो सकाळीच येऊन भिंतींवर लागले होते. बाईंना ते बघायला फुरसत नव्हती. त्या टेबलावर पुस्तकं लावत होत्या, एकेका जॅकेटाची कड बोटानं दाबत होत्या. दालन भरलं. नवरा आणि सासूबाई मागच्या रांगेत येऊन बसले. शाईकाकासुद्धा धुतलेल्या शर्टात आले होते, पण शाई त्यांच्या नखांत होतीच.

डॉक्टरताई आल्या. ठेंगण्या, ताठ, हातात काठी. ती टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त होती. ऑपरेशनच्या वेळी रोग्यांना भूल देण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. समोरच्याकडे त्या अशा बघत की आता याला किती डोस लागेल याचा अंदाज घेताहेत असं वाटावं. त्यांनी फीत कापली, खुर्चीत बसल्या, आणि संचालकांचं भाषण सुरू झालं.

संचालक यंत्रयुगावर बोलले, बालपणावर बोलले, स्पर्शावर तर फारच बोलले. मध्येच डॉक्टरताई शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे झुकून म्हणाल्या, “मी पण लोकांना झोपवायची. पण इतका वेळ नाही लावायची.”

“...आणि तो चिमुकला हात,” संचालक गरजले, “आज आपल्यासमोर बसला आहे! ताई, तो हात आपला!” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दिव्याच्या झोतात चार बोटं झळकत होती. टाळ्या पडल्या.

डॉक्टरताई उठल्या. काठी टेकवत फोटोजवळ गेल्या. संचालकांनी रुमाल तयार ठेवला.

“हा होय?” डॉक्टरताई म्हणाल्या. “हा माझा नाही. हा मामाचा हात आहे.”

संचालकांचा रुमाल हातातच राहिला.

“मामा?” संचालक म्हणाले.

“माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. हा दादा उजवा हात वर करायचा ना...” यंत्रमानवाला त्या ‘दादा’ म्हणत. त्यांच्या जन्माआधी तो घरात आला होता. “हात वर केला की ह्याचा तोल जायचा. डावीकडे कलंडायचा. एकदा पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसला. त्यानंतर बाबांनी पडद्यामागे मामाला बसवला. हात वर व्हायची वेळ झाली की मामा कोपर धरायचा, आणि मग दादा ओरडायचा, ‘मी माझ्या पायांवर उभा आहे!’”

मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं ते सासूबाईंचं. मग सगळं दालन हसायला लागलं. डॉक्टरताई हसत नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

“पण तुम्ही म्हणाला होतात, फोटोच्या वेळी तुम्ही तिथं होतात!” संचालकांनी शेवटची काडी धरली.

“होते ना. आईच्या कडेवर. भोकाड पसरलं होतं मी. दादाला फार घाबरायची.”

संचालकांनी घाईघाईनं टेबलावरची एक प्रत उचलून त्यांच्या हातात दिली. डॉक्टरताईंनी जॅकेटवरची बोटं निरखली. “हे काय? मामाचा हात असा? अस्वलासारखे केस होते त्याच्या बोटांवर! आणि हे नख तर हातोडीखाली येऊन फुटलं होतं. हा कुणी बघितला तर म्हणेल, हा मामा नसून मावशी आहे.”

बाई पुढे झाल्या. त्यांचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नव्हती. “ते मी केलं. मला केस म्हणजे ओरखडे वाटले. आणि त्याआधी तर मी अख्खा हातच काढून टाकला होता. तो डाग वाटला म्हणून.”

“काढून टाकला होता? कुठं?”

डॉक्टरताईंनी पुस्तक उलटं केलं, आणि व्हायचं तेच झालं. जॅकेट सुळकन घसरलं आणि त्यांच्या पायांजवळ जाऊन पडलं. खालचं मूळ मुखपृष्ठ उघडं पडलं. काळ्या पडद्यासमोर यंत्रमानव हात वर करून उभा होता. एकटा. कुणाच्याही आधाराशिवाय.

डॉक्टरताई खुर्चीत जाऊन बसल्या आणि पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पान उलटू लागल्या. बाई त्यांच्याशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनी मान वर करून भिंतीवरचे बाकीचे फोटो आत्ता पहिल्यांदा नीट पाहिले. एका फोटोत पडद्याखालून बुटाचं टोक डोकावत होतं. दुसऱ्यात यंत्रमानवाच्या पायांमधून कुणाचा तरी गुडघा दिसत होता. तिसऱ्यात छातीवरच्या काचेच्या तबकडीत एक टक्कल चमकत होतं. मामा जवळजवळ प्रत्येक भिंतीवर होता. आणि पुस्तकात बूट नव्हता, गुडघा नव्हता, टक्कल नव्हतं. बाईंनी मामाला पानापानातून निपटून काढलं होतं.

“सगळे करडे डाग...” त्या पुटपुटल्या.

“बाबांनी फासले होते,” डॉक्टरताई म्हणाल्या. “दर रविवारी ब्रश घेऊन बसायचे. मामा पुसायचे. पण त्यांना चित्रकलेचं अंग नव्हतं, नुसते धब्बे व्हायचे. मग चिडायचे. मामा शेजारी बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, ‘भावोजी, नाकाजवळ थोडा राहिलाय बघा मी.’” त्यांनी मुखपृष्ठावरून तळहात फिरवला. “दादा एकदा तरी कुणी न धरता उभा राहावा, एवढीच इच्छा होती हो त्यांची. शेवटपर्यंत नाही राहिला. आणि आज बघा कसा उभा आहे.”

आता संचालकांचा रुमाल खरोखरच उपयोगी पडला. पण तो संचालकांनीच वापरला.

“मी सगळं दुरुस्त करीन,” बाई म्हणाल्या. “पुढच्या आवृत्तीत मामांचा बूट, गुडघा, सगळं जिथल्या तिथं येईल. केसांसकट. शब्द देते.”

“आणा,” डॉक्टरताई म्हणाल्या. “त्याचाही हक्क आहे. पण ही आवृत्ती अशीच राहू दे. ही बाबांची.”

एव्हाना दालनात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. एका प्रेक्षकानं पुस्तक उघडून भिंतीवरच्या फोटोशेजारी धरलं आणि तो ओरडला, “सापडला! इथं बूट आहे!” दुसऱ्या टोकाकडून कुणी म्हणालं, “इकडे या, इकडे टक्कल आहे!” बघता बघता लोक पुस्तकं उघडून भिंतीभिंतीपाशी दाटले. मघाशी भाषणात पेंगणारी माणसं गुडघ्यांवर बसून पडद्यांची टोकं तपासू लागली. टेबलावरची चळत झपाट्यानं उतरली. जॅकेटं जमिनीवर घसरून पडत होती आणि शाईकाका ती वेचत हिंडत होते. सासूबाईंनी एका फोटोत दोन मामा शोधले. त्यातला एक पाण्याचा माठ निघाला.

संचालकांचा चेहरा पुन्हा वर चढला. त्यांनी माइक हातात घेतला. “मित्रहो! एकीकडे सत्य, एकीकडे स्वप्न! भिंतीवर मामा, पुस्तकात नाही! ही विलक्षण कल्पना आमच्या मांडणीकार बाईंची!”

“नाही हो,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “ती माझी चूक होती. मला तो डाग वाटला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “किती साध्या आहेत,” कुणीतरी म्हणालं. बाई ज्याला त्याला गाठून सांगत होत्या की ही कल्पना नव्हती, ही घोडचूक होती. जो तो त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, खरे कलावंत असंच बोलतात.

“तुम्ही तरी सांगा यांना,” त्यांनी नवऱ्याला म्हटलं.

“सध्या वारं तुझ्या बाजूनं आहे,” नवरा म्हणाला. “उद्या सकाळपर्यंत काही बोलू नये.”

गर्दी ओसरायला लागली तेव्हा जाड मिशांचे एक गृहस्थ बाईंजवळ आले. दुसऱ्या शहरात जुन्या आगगाड्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, ते आपण चालवतो, असं त्यांनी सांगितलं. मग इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला.

“आमच्याकडेही एका पहिल्यावहिल्या इंजिनाचे फोटो आहेत. कॅटलॉग करायचाय. तर म्हटलं, त्यातनंही असंच कुणीतरी काढता येईल का? फार नको. एखादा माणूस.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “त्या इंजिनाजवळ तेव्हा उभं असलेलं कुणी आहे का अजून?”

“एक आजोबा आहेत. कोळसा टाकायचे त्यात. पण त्यांना ऐकू येत नाही हो.”

“काही हरकत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून पेन काढलं. “त्यांचा पत्ता सांगा. मी मोठ्यानं विचारीन.”